सवयीचा पडदा : इमाम गझाली (रह.) यांचे जीवन आणि सौंदर्यदृष्टी

पवित्र कुरआनच्या सूरह अन-नहलमध्ये अल्लाहने मानवासाठी निर्माण केलेल्या गुराढोरांचा उल्लेख येतो. त्यांच्यापासून ऊब मिळते, अन्न मिळते, दूरच्या मुलखापर्यंत ओझी वाहून नेता येतात, असे त्यांचे उपयोग तेथे सांगितले आहेत. परंतु या उपयोगांच्या मधोमध आणखी एका देणगीचे स्मरण करून दिले आहे. संध्याकाळी घराकडे परतणाऱ्या आणि सकाळी चरायला निघणाऱ्या या जनावरांमध्ये मानवासाठी सौंदर्यही ठेवले आहे, असे तेथे सांगितले आहे. ज्या ग्रंथात मानवाच्या इहलोकाचे आणि परलोकाचे मार्गदर्शन आहे, त्यात गोठ्याकडे परतणाऱ्या गुरांच्या शोभेला स्थान मिळावे, ही थांबून विचार करण्यासारखी बाब आहे. हे सौंदर्य राजवाड्यातले नाही. ते विकत घ्यावे लागत नाही. ते दिवसातून दोनदा आपल्या दारावरून जाते. प्रश्न एवढाच की ते आपल्याला दिसते काय?

या प्रश्नाचा ज्यांनी खोलवर विचार केला, त्यांत इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचे नाव अग्रभागी आहे. ‘हुज्जतुल इस्लाम’ या उपाधीने सारे जग त्यांना ओळखते. धर्मशास्त्राचे गाढे पंडित, तत्त्वज्ञांचे खंडन करणारे तर्कनिपुण लेखक आणि तसव्वुफला शरीअतच्या चौकटीत प्रतिष्ठा मिळवून देणारे सुधारक म्हणून त्यांचे चरित्र अनेकदा सांगितले जाते. परंतु मधमाशीच्या पोळ्यापुढे, भाकरीच्या तुकड्यापुढे आणि स्वतःच्या डोळ्याच्या बाहुलीपुढे थबकणारे गझाली आपल्याला तितकेसे परिचित नाहीत. त्या दृष्टीपर्यंत ते कसे पोहोचले, हे त्यांच्या जीवनातून समजून घेणे आपल्या ईमानासाठी हितकारक ठरेल.

लोकर कातणाऱ्याचा पुत्र

इमाम गझाली यांचा जन्म हिजरी सन 450 म्हणजे इ. स. 1058 च्या सुमारास खुरासान प्रांतातील तूस येथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ आहे. त्यांचे वडील लोकर कातून विकत आणि त्यावर गुजराण करीत, असे चरित्रकार सांगतात. ते स्वतः शिकलेले नव्हते, मात्र विद्वानांच्या बैठकींत जाऊन बसण्याची त्यांना आवड होती. आपले पुत्र मुहम्मद आणि अहमद यांनी ज्ञान मिळवावे, ही त्यांची मनीषा होती. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी दोघांना एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि जवळची थोडीशी पुंजीही सोपवली. ती पुंजी संपल्यावर त्या मित्राने मुलांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होती. अशा प्रकारे पोटाच्या निमित्ताने ही दोन अनाथ मुले विद्येच्या दारी आली. धाकटे अहमद पुढे नामवंत सूफी आणि लेखक झाले.

चरित्रग्रंथांतून गझालींच्या तरुणपणीचा एक प्रसंग आढळतो. जुर्जानहून शिक्षण घेऊन परतताना वाटेत लुटारूंनी त्यांचा काफिला लुटला. गझालींनी लुटारूंच्या म्होरक्याच्या मागे जाऊन आपल्या टिपणवह्या तेवढ्या परत मागितल्या, कारण त्यांत त्यांचे सारे ज्ञान साठवलेले होते. म्होरक्याला हसू आले. वह्या गेल्या की नाहीसे होते ते ज्ञान कसले, अशा अर्थाचा टोला मारून त्याने वह्या परत केल्या. हा टोला त्यांच्या जिव्हारी लागला. तूसला परतल्यावर तीन वर्षे खपून त्यांनी त्या टिपणांतील सर्व मजकूर मुखोद्गत केला. ज्ञान कागदावरून स्मरणात आले. ते स्मरणातून अंतःकरणात उतरायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे जायची होती.

पाचशे दीनारांचा दिमाख

पुढे निशापूरच्या निझामिया मदरशात त्यांना इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखे श्रेष्ठ गुरू लाभले. हिजरी 478 म्हणजे इ. स. 1085 मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर ते सल्जूक साम्राज्याचे वजीर निझामुल मुल्क यांच्या दरबारी गेले. तेथील वादसभांत त्यांनी भल्याभल्यांना निरुत्तर केले. हिजरी 484 म्हणजे इ. स. 1091 मध्ये वजिरांनी त्यांची बगदादच्या निझामिया मदरशात मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक केली. तेव्हा त्यांचे वय सुमारे 33 वर्षांचे होते. त्यांच्या पाठांना तीनशे विद्यार्थी बसत. खलीफांपासून सरदारांपर्यंत सर्वत्र त्यांचा शब्द झेलला जाई.

त्या काळचा एक तपशील इतिहासकारांनी जपून ठेवला आहे. गझाली बगदादमध्ये दाखल झाले तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यांच्या पोशाखाची आणि वाहनाची किंमत पाचशे दीनार लावली होती. लोकर कातणाऱ्याचा पुत्र वैभवाच्या शिखरावर पोहोचला होता. सुंदर वस्त्रे, सुंदर घोडे आणि सुंदर इमारती त्यांच्या भोवती होत्या. परंतु या सर्वांतून त्यांच्या मनाला शांती मिळाली नाही.

आपल्या आत्मकथनपर ‘अल-मुन्किझ मिनद्दलाल’ या ग्रंथात त्यांनी या काळाचा प्रामाणिक हिशेब मांडला आहे. आपण जे शिकवतो ते खरोखर अल्लाहसाठी आहे की कीर्तीसाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर आपल्या विरुद्ध आले. हिजरी 488 च्या रजब महिन्यापासून म्हणजे इ. स. 1095 च्या उन्हाळ्यापासून सुमारे सहा महिने ते या ओढाताणीत होते. एके दिवशी बगदाद सोडण्याचा निश्चय होई, दुसऱ्या दिवशी तो मोडे. अखेरीस त्यांची वाचाच बंद झाली. विद्यार्थ्यांपुढे बसावे आणि तोंडातून एक शब्द फुटू नये, अशी अवस्था झाली. अन्नपाणी पचेना, देह खंगत गेला आणि वैद्यांनी हात टेकले. रोगाचे मूळ मनात आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्या जिभेने कीर्ती मिळवून दिली तीच अल्लाहने थांबवली. तेव्हा कुठे या बुद्धिमान माणसाला आपली लाचारी कळली आणि त्यांनी निराधार माणूस टाहो फोडतो तसा अल्लाहचा धावा केला.

मिनाऱ्यावरचे दिवस

कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेली संपत्ती त्यांनी वाटून टाकली. मक्केला जातो असे लोकांना सांगून त्यांनी बगदाद सोडले आणि दमिश्क गाठले. तेथे त्यांनी जवळजवळ दोन वर्षे एकांतात काढली. दमिश्कच्या जामे मशिदीच्या मिनाऱ्यावर चढून ते आतून दार लावून घेत आणि दिवसभर तेथेच ध्यान व स्मरणात असत. तेथून ते बैतुल मुकद्दसला गेले. तेथेही सखरेच्या घुमटाखाली त्यांचा हाच क्रम होता. अल-खलील येथे हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन गोष्टींचा संकल्प केला : राजदरबारी जाणार नाही, राजाचा पैसा घेणार नाही आणि वादविवादाच्या आखाड्यात उतरणार नाही. त्यानंतर हजयात्रा झाली. पुढे मुलाबाळांच्या ओढीने ते मायदेशी परतले, तरी एकांताचा हा काळ एकंदर दहा वर्षांहून अधिक चालला.

या एकांतात जे उलगडले ते मोजता किंवा सांगता येण्याजोगे नाही, एवढीच नोंद त्यांनी केली आहे. परंतु त्या काळाचे फळ आपल्या हाती आहे. ‘इह्याउ उलूमिद्दीन’ हा महान ग्रंथ याच वर्षांची देणगी होय. त्याचे चार भाग आणि चाळीस प्रकरणे आहेत. आरंभी ज्ञान, श्रद्धा, पवित्रता आणि नमाज यांची प्रकरणे येतात. मधल्या भागांत जेवणापासून प्रवासापर्यंतचे शिष्टाचार आणि माणसाचा नाश करणारे दुर्गुण सांगितले आहेत. अखेरच्या भागात माणसाला तारणारे गुण आहेत. या तारणाऱ्या गुणांतच त्यांनी कृतज्ञता, अल्लाहवरील प्रेम आणि चिंतन यांना स्थान दिले आहे. प्रेमाचे प्रकरण 36 वे आणि चिंतनाचे म्हणजे तफक्कुरचे 39 वे आहे. त्यानंतर मृत्यूच्या स्मरणाचे प्रकरण येते आणि ग्रंथ संपतो. सृष्टीकडे डोळे उघडून पाहण्याला इमामांनी किती मोलाचे स्थान दिले, हे या रचनेवरूनच ध्यानात येते.

सवयीचा पडदा

प्रेमाच्या प्रकरणात इमाम गझाली एक साधी गोष्ट दाखवून देतात. हिरवळ आणि वाहते पाणी माणसाला आवडते. ती हिरवळ त्याला खायची नसते, ते पाणी प्यायचे नसते, तरीही नुसते पाहून त्याचे मन निवते. सौंदर्याची ओढ ही लाभाच्या हिशेबाहून वेगळी आहे आणि ती अल्लाहनेच मानवी प्रकृतीत ठेवली आहे. प्रत्येक वस्तूचे सौंदर्य तिला शोभणाऱ्या पूर्णतेत असते. घोड्याचे सौंदर्य वेगळे, अक्षराचे वेगळे, आवाजाचे वेगळे. आणि डोळ्यांना न दिसणारेही सौंदर्य असते. शतकांपूर्वी होऊन गेलेल्या सत्पुरुषांचे चेहरे कोणी पाहिलेले नाहीत, तरी लोक त्यांच्यावर जीव टाकतात, कारण त्यांच्या सदाचाराचे सौंदर्य अंतःकरणाला दिसते.

मग जर सौंदर्याची ओढ उपजतच आहे आणि सृष्टी सौंदर्याने भरलेली आहे, तर माणूस रोज तिच्यातून कोरडाच का जातो? इमामांनी दिलेले उत्तर त्यांच्या सबंध विचाराचा गाभा आहे. ते म्हणतात की हा सवयीचा परिणाम आहे. मूल जगात येते तेव्हा त्याला समज नसते. समज हळूहळू येते, पण तोवर त्याला भूक आणि इच्छा यांनी घेरलेले असते आणि आकाश, झाडे, पाखरे ही रोजचीच झालेली असतात. एखादा अनोळखी प्राणी दिसला की त्याच्या तोंडून सहज सुब्हानल्लाह निघते, पण स्वतःचा हात तो दिवसभर पाहत असूनही त्याला त्याचे नवल वाटत नाही. समजा, एखादा जन्मांध जाणता झाल्यावर त्याची दृष्टी एकाएकी खुली झाली आणि आकाश, जमीन, वृक्ष व प्राणी एकदम त्याच्यापुढे उभे राहिले, तर आश्चर्याने त्याची बुद्धीच हरपेल की काय अशी भीती वाटावी. वस्तू त्याच आहेत. आपल्यात आणि त्यांच्यात आडवा आला आहे तो सवयीचा पडदा.

हा पडदा दूर करायचा तर पाहण्याचा सराव करावा लागतो. चिंतनाच्या प्रकरणात इमाम वाचकाला बोट धरून सर्वांत जवळच्या वस्तूपाशी, त्याच्या स्वतःच्या देहापाशी आणतात. त्या काळच्या वैद्यकानुसार ते 248 हाडे आणि 529 स्नायू मोजून दाखवतात. आजच्या शास्त्रातील संख्या निराळ्या आहेत, परंतु मोजायला लावण्यामागचा हेतू जुना झालेला नाही. डोळ्याच्या बाहुलीपाशी ते विशेष थांबतात. मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत अफाट आकाशाचे रूप सामावते, याकडे ते आपले लक्ष वेधतात. मधमाशीच्या पोळ्याबद्दल लिहिताना ते सहा कोनांच्या घरांमागचे कारण उलगडतात. गोल घरे केली तर दोन घरांच्या मध्ये जागा वाया जाते आणि चौकोनी केली तर माशीच्या गोलसर देहाभोवती कोपरे रिकामे राहतात. षट्कोन वर्तुळाच्या जवळचा असून एकमेकांना लागून बसतो. एवढ्याशा जिवाला हे कोणी शिकवले, हा प्रश्न मग वाचकाच्या मनात आपसूक उभा राहतो.

आपल्या बेफिकिरीबद्दल त्यांनी दिलेला दाखला मनाला चटका लावणारा आहे. आपण एखाद्या धनिकाच्या घरी जातो, रंगवलेल्या भिंती आणि सोन्याचे नक्षीकाम पाहतो आणि जन्मभर त्याचे वर्णन करीत राहतो. परंतु अल्लाहने उभारलेल्या या विशाल घरात, त्याच्या जमिनीवर आणि आकाशाच्या छताखाली आपण सारे आयुष्य काढतो आणि मान वर करून पाहत नाही. राजाच्या महालात वारूळ करून राहणाऱ्या मुंगीला आपले बीळ आणि आपला दाणा यांपलीकडे महालाची काहीच खबर नसते. तिला तो महाल समजून घेण्याची शक्ती दिलेली नाही. माणसाला मात्र ती दिलेली आहे, म्हणून त्याच्याकडून हिशेब घेतला जाईल.

भाकरीतले हजार हात

येथे कोणी विचारील की ज्याला पोटाची चिंता आहे त्याने सौंदर्य कधी पाहावे? फुलापाखरांकडे पाहणे हा पोट भरलेल्यांचा छंद नव्हे काय? इमामांच्या कृतज्ञतेच्या प्रकरणात याचे उत्तर सापडते. तेथे त्यांनी चिंतनासाठी घेतलेली वस्तू म्हणजे साधी भाकरी. जमीन, पाऊस, वारा आणि ऊन यांच्यापासून नांगरणारा, दळणारा, भाजणारा, नांगराचे लाकूड घडवणारा सुतार आणि फाळ ठोकणारा लोहार यांच्यापर्यंत ते एकेक दुवा जोडत जातात आणि हजाराहून अधिक कारागिरांचे हात लागल्याशिवाय एक भाकरी गोल होऊन आपल्यापुढे येत नाही, या निष्कर्षाला पोहोचतात. एवढीशी सुई, पण तीही तयार होईपर्यंत कारागिराच्या हातांखालून पंचवीस वेळा जाते, याकडे ते लक्ष वेधतात. गरिबाच्या ताटातही जी वस्तू आहे, तीच त्यांनी निवडली.

ही दृष्टी ज्याला लाभली तो अन्न टाकून देणार नाही. शेतकऱ्याला, हमालाला किंवा लोहाराला तो हलका लेखणार नाही, कारण त्याच्या घासात त्या सर्वांचा वाटा आहे. सुंदर वस्त्र आणि सुंदर पादत्राण आवडणे हा अहंकार आहे काय, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले गेले होते. त्यावर त्यांनी अल्लाहच्या सौंदर्याची आणि सौंदर्यप्रियतेची ग्वाही दिली आणि सत्य नाकारणे व लोकांना तुच्छ मानणे यालाच अहंकार ठरवले. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. सौंदर्य आणि विनय यांची सांगड तेथेच घातली गेली आहे. सौंदर्य पाहून ज्याचा ताठा वाढतो त्याने ते पाहिलेच नाही.

इमामांनी एक इशाराही देऊन ठेवला आहे. एकाच सृष्टीकडे दोघे पाहतात. एक वस्तूपाशीच अडकून पडतो आणि वाट चुकतो. दुसरा वस्तूकडून तिच्या निर्मात्याकडे जातो आणि त्याला मार्ग सापडतो. म्हणून त्यांच्या चिंतनाची सुरुवात आत्मपरीक्षणाने होते. हा डोळा आज मी कशासाठी वापरला, ही जीभ कशासाठी वापरली, असे एकेका अवयवाला विचारायचे आणि मग बाहेर पाहायचे. नमाज आणि इतर कर्तव्यांच्या जागी सौंदर्यचिंतन ठेवावे, असे त्यांनी कोठेही सुचवलेले नाही. त्यांच्या ग्रंथात नमाज आधी येते आणि तफक्कुर नंतर. नमाजमध्ये ज्याच्यापुढे आपण झुकतो, त्याची कारागिरी नमाजच्या बाहेरही दिसू लागावी, हा त्यामागचा उद्देश आहे.

पंधरा कीरातांचे वस्त्र

आपल्या भ्रमंतीच्या काळात गझाली पुन्हा बगदादमध्ये आले, तेव्हा पूर्वी ज्यांनी त्यांच्या दिमाखाची किंमत लावली होती त्यांनीच त्यांच्या अंगावरच्या कपड्यांची किंमत पंधरा कीरात लावली. कीरात म्हणजे दीनाराचा लहानसा अंश. पंधरा कीरात मिळून पुरा एक दीनारही होत नाही. ज्या वर्षांत त्यांच्या अंगावरचे सौंदर्य इतके उतरले, त्याच वर्षांत त्यांची लेखणी मुंगी, मधमाशी, डोळा आणि भाकरी यांच्या सौंदर्याने भरून गेली. त्यांच्या जीवनातील हा विरोधाभास आपण मनात साठवून ठेवावा.

हिजरी 499 म्हणजे इ. स. 1106 मध्ये वजीर फख्रुल मुल्क यांच्या आग्रहामुळे त्यांनी निशापूरच्या निझामियात पुन्हा अध्यापन केले. आता शिकवणारा तोच होता, हेतू मात्र बदललेला होता, असे ते स्वतःविषयी नमूद करतात. काही काळाने ते तूसला परतले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह बांधून कुरआन पठण, हदीस आणि अध्यापनात ते रमले. सर्वसामान्यांसाठी त्यांनी फारसी भाषेत ‘कीमिया-ए-सआदत’ लिहिले.

सोमवार, 14 जमादिउस्सानी 505 म्हणजे 18 डिसेंबर 1111 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू अहमद यांनी त्या पहाटेचा वृत्तान्त सांगितला आहे. इमामांनी वुजू केला, फजरची नमाज अदा केली आणि आपले कफन मागवले. त्याचे चुंबन घेऊन ते डोळ्यांना लावले, मालकाच्या आज्ञेचा मान राखून त्याच्या भेटीस निघत असल्याचे सांगितले आणि किबल्याच्या दिशेने पाय पसरून ते पहुडले. उजाडण्यापूर्वी ते अल्लाहच्या रहमतीत गेले होते. ज्या डोळ्यांना त्यांनी आयुष्यभर पाहायला शिकवले, त्या डोळ्यांना अखेरीस त्यांनी एक पांढरे वस्त्र लावले आणि त्यातही त्यांना मालकाचा निरोपच दिसला.

वाचक बंधुभगिनींनो, इमाम गझाली (रह.) यांच्या जीवनातून आपण घ्यायचा धडा अवघड नाही. वुजूच्या वेळी ओंजळीतले पाणी क्षणभर पाहावे. ताटातल्या भाकरीकडे पाहून तिला लागलेल्या हातांसाठी दुआ करावी. फजरनंतर उजळत जाणाऱ्या आकाशाकडे मान वर करून पाहावे. दिवसातून एका वस्तूपुरता का होईना, सवयीचा पडदा बाजूला सारावा आणि तेथून मन तिच्या निर्मात्याकडे न्यावे. यासाठी पैसा लागत नाही, पांडित्यही लागत नाही. लागते ती थोडी उसंत आणि जागे अंतःकरण.

अल्लाह आपणा सर्वांना पाहणारे डोळे, कृतज्ञ हृदय आणि त्याच्या आज्ञेपुढे झुकणारे मस्तक प्रदान करो. आमीन.